तिला नेमकं कुणापासून सुटायचंय?

वाचकाचं पत्र :

‘माझं वय ३७. मी नऊ वर्षांची असताना आईबाबा एकाच अपघातात गेले. मामा-मामींनी मला वाढवलं, शिकवलं. त्यांची स्वतःची दोन मुलं होती, तरी मला कधी काही कमी पडू दिलं नाही. गेली काही वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. नायिका सोळा वर्षांची, अनाथ, मामाकडे वाढलेली. तिला कुणाच्या उपकाराखाली जगायचं नाहीये, स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी ती घर सोडते. तिथपर्यंत हात थांबला नाही. त्यानंतर मात्र कथा पुढे सरकत नाही. ती काम शोधते, खोली शोधते, माणसं भेटतात, पण काही घडतच नाही.

एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, मामी मालिकेतल्या खाष्ट बाईसारखी वाटते आणि मुलगी सोळाची नाही, चाळिशीची वाटते. मला राग आला, पण तिचं बरोबर असावं. माझी खरी मामी दुष्ट नव्हती. तिने कधी हात उगारला नाही. तरी त्या घरात मी कायम पाहुण्यासारखी राहिले.

शेवट मी ठरवलाय. मुलीला नोकरी लागते, स्वतःची खोली मिळते आणि ती दार आतून लावून घेते. एवढा शेवट पुरेल का? मामी आता थकल्यात, पण रोज काही ना काही वाचतात. त्यांच्या हाती हे पडलं तर? आणि ‘मी’ म्हणून लिहू की ‘ती’ म्हणून, हेही अजून ठरत नाहीये.’

*

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘माझी खरी मामी दुष्ट नव्हती. तरी त्या घरात मी कायम पाहुण्यासारखी राहिले.’ तुमची कादंबरी या दोन वाक्यांत आहे. ती तुम्ही पत्रात लिहिलीत आणि हस्तलिखितातून मात्र बाहेर ठेवलीत. सहाव्या प्रकरणानंतर गाडी अडते ती यामुळे, असं मला वाटतं.

काय झालंय बघा. मुलीने घर सोडावं असं तुम्हाला हवं होतं आणि वाचकाने तिला दोष देऊ नये असंही हवं होतं. म्हणून तुम्ही मामीला वाईट केलंत. मामी वाईट म्हटल्यावर मुलीने जायलाच हवं, त्यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. ती जाते, वाचक सुटकेचा श्वास टाकतो आणि पुस्तक मिटतो. पहिल्या सहा प्रकरणांना पुढे ढकलणारा एकच ताण होता, आणि घराचा उंबरा ओलांडताच तो संपला. आता खोली शोधणं, काम शोधणं यांत कितीही तपशील भरलेत तरी त्याने कथा चालणार नाही, कारण त्या मुलीने मागे काहीच ठेवलेलं नाही. सगळं वाईट होतं, ते तिने टाकलं, संपलं.

आता मामी चांगली आहे असं धरून तेच सहावं प्रकरण मनात वाचा. तिने ताप आल्यावर रात्र जागून काढलीय. स्वतःच्या मुलीला आणला तसाच कपडा हिलाही आणलाय. टोचून बोललेली नाही. तरीही या मुलीला निघून जायचंय. का? याचं उत्तर मुलीला स्वतःलाही नीट देता येत नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक सगळे म्हणणार, एवढं केलं तरी पोरगी उलटली. ती स्वतःशीही तेच म्हणणार. असं असूनही ती जाते. आता तिच्या प्रत्येक पावलाबरोबर मागचं घर येणार. ती कुठेही राहो, मामी तिची वाट बघत असेल, आणि आपली वाट बघितली जातेय हे तिला कळत असेल. असं झालं की सातव्या प्रकरणाला काम मिळतं.

इतर मुलांच्या बंडापेक्षा अनाथ मुलाचं बंड वेगळं असतं, आणि तुम्ही ते आतून जाणता म्हणून तुम्हीच ते लिहू शकता. सोळाव्या वर्षी बहुतेक मुलं आईवडिलांशी भांडतात. ‘मला तुमचं काही नको’ म्हणतात, दार आपटतात आणि रात्री जेवायला त्याच घरात बसतात. काहीही झालं तरी आपल्याला इथून कुणी काढणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वयात येण्याच्या कथांमधलं बंड या विश्वासावर उभं असतं. ‘कोसला’ आठवा. १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर वडिलांचे पैसे उडवतो, वडिलांवर चिडतो, शिक्षणाचा बोऱ्या वाजवतो आणि अखेर गावी परततो. परतायला घर आहे आणि चिडायला वडील आहेत. तुमच्या नायिकेकडे यातलं काही नाही. तिला दार आपटता येत नाही, कारण दार तिचं नाही. मामीवर रागावता येत नाही, कारण मामी तिचं देणं लागत नाही. आईवडिलांनी केलं ते कर्तव्य आणि मामा-मामींनी केलं ते उपकार, हा हिशेब कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण अशा घरात वाढलेल्या मुलाला तो फार लवकर पाठ होतो. तुमच्या पत्रातही तो आहे. ‘कधी काही कमी पडू दिलं नाही’ हे तुम्ही माझ्यासारख्या परक्या बाईला पत्र लिहितानाही आधी नोंदवून घेतलंत. स्वतःच्या आईबद्दल लिहिताना कुणी अशी पावती जोडत नाही.

तेव्हा तुमच्या मुलीला नेमकं कुणापासून सुटायचंय? मामीपासून नव्हे. तिला कायम चांगलं वागत राहण्यापासून सुटायचंय. कुणी सांगायच्या आत काम उरकून टाकणं, आजारी पडलं तरी न सांगणं, आवडनिवड न ठेवणं, परीक्षेत पहिलं येणं आणि पहिलं आल्याचं हळू आवाजात सांगणं, कारण मामीच्या मुलाला कमी मार्क पडलेत. हे सगळं तुम्ही केलं असेल, नाही का? ते पानावर आणा. त्यात एकही खलनायक लागत नाही, आणि वाचताना जीव गुदमरेल तो मारझोडीच्या दहा प्रसंगांत गुदमरणार नाही.

दुष्ट मामी कादंबरीत चालतच नाही, असं मात्र समजू नका. शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या ‘जेन आयर’मधल्या मिसेस रीड नात्याने जेनच्या मामीच लागतात. जेनची आई ही मिस्टर रीड यांची बहीण. या मामी खरोखर निर्दय आहेत. पण लेखिकेने काय केलंय ते बघण्यासारखं आहे. अडतीस प्रकरणांच्या कादंबरीत मामीचं घर पहिल्या चार प्रकरणांतच आटोपतं. मग बऱ्याच वर्षांनी, मरणाला टेकलेल्या मामी बोलावणं धाडतात आणि जेन परत जाते. तेव्हा मामींच्या तोंडून कळतं की नवऱ्याचं आपल्या या एकुलत्या बहिणीवर फार प्रेम होतं आणि मामींना ती कधीच आवडली नव्हती. बहीण गेल्यावर तिचं रडकं तान्हं बाळ त्याने घरात आणलं, स्वतःच्या मुलांपेक्षा त्याला जास्त जपलं, आणि मरायच्या तासभर आधी ‘हिला सांभाळ’ असं बायकोकडून वचन घेतलं. नको असलेलं मूल त्या वचनापायी सांभाळत राहिल्या. जेन क्षमा देऊ करते. मामी ती घेत नाहीत, तशाच मरतात. दुष्टपणा कमी झालेला नाही, पण आता त्याला कारण आहे, इतिहास आहे. तुमच्या मामीला तेही नाही. तुमच्या हस्तलिखितातली बाई वाईट आहे, कारण तुम्हाला ती वाईट हवी होती. मैत्रिणीला खटकलं ते हेच.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती सांगते. तुमच्या पत्रात मामा कुठे आहेत? ‘मामा-मामींनी वाढवलं’ या एका जोडशब्दात ते येतात आणि नाहीसे होतात. कादंबरीतही तसंच असणार, असा माझा अंदाज आहे. पण मामांची तर सख्खी बहीण गेली होती. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात, तुमची आई गेली. त्याच दिवशी त्या माणसाची बहीण गेली. ती कदाचित त्याच्याबरोबर लहानाची मोठी झालेली, त्याची भांडणं आणि गुपितं ठाऊक असलेली. तो तुमच्यासमोर कधी रडला का? तिच्याबद्दल बोलला का? तुमचा चेहरा आईसारखा होत गेला तेव्हा त्याला तुमच्याकडे बघणं जड गेलं असेल का? आणि मामी? नवऱ्याच्या दुःखाबद्दल बोलायची सोय नाही, पोरीच्या दुःखाबद्दल बोलायची सोय नाही. दोघांनाही सांभाळायचंय, शिवाय स्वतःची दोन मुलं आहेत आणि ‘आमच्याकडे लक्ष नाही’ ही त्यांची तक्रार आहे. एकाच माणसासाठी दुःख करणारे तीन जीव एका छताखाली राहतायत आणि तिचं नाव कुणीच घेत नाही. प्रत्येकाला वाटतंय, आपण काढलं तर दुसऱ्याला त्रास होईल. ‘पाहुण्यासारखी राहिले’ यामागे एवढं सगळं असू शकतं. असेलच असं मी म्हणत नाही, तुमचं घर मी पाहिलेलं नाही. पण कादंबरीत तुम्हाला ते घडवता येईल, आणि कादंबरीचा मधला भाग मला तरी तिथे दिसतो, नोकरी शोधण्यात नाही.

मुलीच्या दुःखाबद्दलही थोडं बोलायला हवं. नऊ वर्षांच्या मुलाला मृत्यू कळतो. गेलेलं माणूस परत येत नाही हे साधारण सात वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना उमगलेलं असतं. पण नवव्या वर्षी समजलेलं दुःख त्या वयाच्या मापाचं असतं. मूल मोठं होतं तशी तीच गोष्ट त्याला पुन्हा नव्याने कळते. पाळी येते तेव्हा कळते, पहिल्यांदा कुणी आवडतं तेव्हा कळते, काय शिकायचं ते ठरवताना कळते. दर वेळी आई नसणं ही वेगळी गोष्ट असते. म्हणून सोळाव्या वर्षी तुमची नायिका सात वर्षांपूर्वीचं दुःख ‘आठवत’ बसत नाही. ती ते आत्ता, ताजं भोगतेय. आजूबाजूच्यांना मात्र वाटतंय, झाली आता बरीच वर्षं, सावरलीय पोर. या विसंगतीतून कितीतरी प्रसंग निघतील.

तुमची मुलगी सारखी उदास असणार, असाही माझा अंदाज आहे. सतत दुःखी माणूस पानावरच नव्हे, आयुष्यातही क्वचित दिसतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली. माणूस एकदा गेलेल्याकडे वळतो, एकदा समोरच्या आयुष्याकडे वळतो, आणि हे हेलकावे घेत घेतच सावरत जातो, असं त्यांचं म्हणणं. किशोरवयात हे हेलकावे फार वेगाने येतात. तुमची नायिका दुपारी मैत्रिणींबरोबर पोट धरून हसू दे. संध्याकाळी आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करताना तो आठवत नाही म्हणून घाबरू दे. आणि रात्री त्याच घबराटीत तिला परीक्षेचा अभ्यास करू दे. आवाज विसरण्याची भीती तुम्हाला ठाऊक असेल. तिच्याबद्दल लिहायला फार थोडे जण धजावतात.

मुलगी चाळिशीची वाटते, याचं कारण मला यातच दिसतं. अनाथ मुलं लवकर शहाणी होतात हे खरं, पण तो शहाणपणा वागण्यातला असतो. केव्हा गप्प बसायचं, कुणाचा मूड कसा आहे, हे त्यांना मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं. आपण असं का वागतोय हे मात्र त्यांना सोळाव्या वर्षी कळत नाही. तुमची नायिका स्वतःचं विश्लेषण करते. ‘मला स्वातंत्र्य हवं आहे, कारण...’ अशा वाक्यांनी ती विचार करते, असं मला तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून वाटतं. ते ज्ञान सदतिसाव्या वर्षीचं आहे, तुमचं आहे. सोळा वर्षांची मुलगी ‘मला स्वातंत्र्य हवं’ असं म्हणत नाही. तिला स्वतःचं कुलूप असलेलं एक कपाट हवं असतं. आपली वही कुणी उघडू नये असं वाटत असतं. आपल्या नावाने एखादं पत्र यावं असं वाटत असतं.

आणि तिला चुकू द्या. तुम्ही तिला एकदाही चुकू दिलेलं नसणार, कारण त्या घरात चुकायची मुभा तुम्हालाही नव्हती. तिच्याकडून अशी चूक घडू दे की तिची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल. ती खोटं बोलो. मामेबहिणीचं गुपित फोडो. मामाला भर माणसांत लागेल असं बोलो. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप हाही अनाथ. त्याला बहिणीच्या घरी प्रेम मिळतं ते तिच्या नवऱ्याकडून, ‘जो’ नावाच्या लोहाराकडून. पुढे कुणा अज्ञात माणसाच्या पैशावर पिप शहरात ‘सभ्य गृहस्थ’ होतो आणि ‘जो’ भेटायला येणार म्हटल्यावर त्याला लाज वाटते. पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी खात्रीने दिले असते, अशी कबुली मोठा झालेला पिप देतो. ते पान वाचताना पिपचा राग येतो आणि त्याच वेळी त्याच्यावर जीव जडतो. तुमच्या नायिकेचं असं एक तरी पान हवं. वाचकाने तिची दया करावी असं वाटत असेल तर तिला निष्पाप ठेवा. तिच्यावर जीव लावावा असं वाटत असेल तर तिला एकदा कृतघ्न होऊ द्या.

पिपच्या गोष्टीतून आणखी एक धागा तुमच्या कामाचा आहे. ज्याला तो आपली भरारी समजत असतो ती दुसऱ्याच्या पैशावर चाललेली असते, आणि पैसे कुणाचे याबद्दल त्याची समजूत पार चुकीची असते. स्वातंत्र्याच्या गोष्टीत पैसा आणि कागद टाळून चालत नाही. बहुतेक देशांत सज्ञान होण्याचं वय १८ आहे. तुमची मुलगी सोळाची, म्हणजे ती राबू शकते, पण भाड्याच्या करारावर तिच्या सहीला किंमत नाही. मग तिला खोली दिली कुणी? कुणाच्या नावावर? तो माणूस बदल्यात काय मागतो? तिची शाळेची कागदपत्रं मामांच्या कपाटात आहेत. ती मागून आणावी लागतील की चोरावी लागतील? अर्जावर ‘पालकाचे नाव’ अशी ओळ येते तिथे ती काय लिहिते? आजारी पडली आणि दवाखान्यात विचारलं, ‘कुणाला कळवायचं?’ तर? तिला एकच नंबर पाठ आहे, आणि तो त्या घराचा आहे. तुम्ही म्हणता सातव्या प्रकरणात काही घडत नाही. या प्रश्नांची उत्तरं लिहायला घ्या, घडायला लागेल. वीरश्रीच्या स्वगतांपेक्षा एका अर्जातली रिकामी ओळ तिच्याबद्दल जास्त सांगेल.

बाहेर भेटणाऱ्या माणसांबद्दल एवढंच सांगते की त्यांतला एखादा तरी असा असू दे, जो तिला मदत करू पाहतो आणि ती घेऊ शकत नाही. मदत म्हणजे कर्ज, ही तिची खोलवरची सवय आहे. बाकीची माणसं आपोआप जागेवर बसतील.

शेवटाकडे येऊ. नोकरी, खोली आणि आतून लावलेलं दार. तुम्ही विचारलंत, एवढं पुरेल का? मला वाटतं, नाही. तुमच्या नायिकेला एकटं राहणं आधीच जमतं. मामाच्या भरल्या घरातही ती एकटीच होती. दार लावून घेणं ही तिची जुनी कला आहे, फक्त आता दार लाकडाचं झालं. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाचा १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला, एकटं असण्याच्या क्षमतेवरचा एक निबंध आहे. त्यात तो म्हणतो की एकटं राहता येण्याची ताकद मूल एकटं पडून कमावत नाही. आई जवळ आहे, तिचं लक्ष आहे, पण ती काही मागत नाहीये, अशा वेळी मूल आपल्याच नादात खेळतं, तिथे ती ताकद येते. कुणाच्या तरी सोबतीत आपल्यापुरतं असणं. तुमच्या नायिकेला हे नऊ वर्षांपर्यंत मिळालं आणि मग तुटलं. त्यानंतर ती सोबत असताना कायम सावध राहिली आणि एकटी असतानाच सैल झाली. मग ती मोकळी झाली हे वाचकाला कशावरून कळावं? बंद खोलीवरून कळणार नाही. कुणाच्या तरी समोर ती सैल झाली, तर कळेल.

म्हणून मला एक प्रसंग बघायला आवडेल. तो शेवटी यावा की शेवटाच्या आधी, ते तुम्ही ठरवा. ती मामीशी भांडते. अगदी पोटच्या मुलीने भांडावं तशी, आवाज चढवून, जुनं उकरून काढून, थोडं अन्यायाने. मामीही गप्प बसत नाही, तीही तितकंच बोलते. ‘तुझ्यासाठी मी’ अशी सुरू होणारी वाक्यं जी तिने इतकी वर्षं गिळली ती बाहेर येतात. आणि या भांडणात कुठेतरी मुलीच्या लक्षात येतं की आपल्याला भीती वाटत नाहीये. छप्पर जाईल, नातं जाईल, ही भीती. ती आता स्वतःचं भाडं भरते म्हणून असेल, किंवा मामी तिच्यावर पहिल्यांदाच मनापासून ओरडली म्हणून असेल. दोन्ही कारणं राहू द्या, त्यांतलं एक निवडू नका. नोकरी आणि खोली हवीच, ती काढून टाकू नका. जेन आयरला काकांकडून वीस हजार पौंड मिळतात तेव्हा तीही खूश होते, पण आपल्याला तीन सख्खी आतेभावंडं आहेत हे कळल्यावर ती पैशापेक्षा जास्त हरखते आणि रक्कम चौघांत सारखी वाटून टाकते. पैसा तिला हवा आहे तो कुणाशी तरी बरोबरीने नातं जोडता यावं म्हणून. तुमच्या नायिकेच्या पगाराचंही तसंच काही होऊ शकेल.

आता मामी. खऱ्या मामी.

पहिला खर्डा पुरा होईपर्यंत त्यांना काही दाखवू नका, काही सांगूही नका. त्या वाचतील ही भीती मनात ठेवून लिहिलंत तर एक तर मामीला देवता कराल, नाही तर चिडून पुन्हा खाष्ट कराल. खर्डा झाला की त्यांना सांगा. छापायला देण्याआधी सांगा. छापून आल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळणं हे त्यांच्यावर अन्यायाचं होईल. वरवरच्या खुणा बदला. भावंडांची संख्या, घराची रचना, मामांचा व्यवसाय बदला. तुमच्या दोन मामेभावंडांचाही विचार करा. त्यांनी तर यातलं काहीच निवडलेलं नव्हतं. एक सोपी कसोटी आहे. तुमच्या मामीचा एखादा प्रसंग पानावर घेताना त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं असेल हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तो प्रसंग अजून लिहिण्याजोगा झालेला नाही.

आणि ते ठाऊक करून घ्यायची संधी तुम्हाला आहे, जी फार थोड्या लेखकांना मिळते. त्या हयात आहेत. कादंबरीचा विषयही न काढता त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘मला घरी आणलंत तो पहिला दिवस तुम्हाला आठवतो का?’ मग मधे बोलू नका. ‘तुम्ही किती केलंत माझ्यासाठी’ हे तर अजिबात म्हणू नका, त्या वाक्याने बोलणं तिथेच संपेल. मामा असतील तर त्यांना आईच्या लहानपणाबद्दल विचारा. कदाचित ते टाळतील. टाळू द्या, पुन्हा कधीतरी विचारा. यातून कादंबरीला काही मिळेल न मिळेल, तुम्हाला मिळेल, आणि मला तुमची काळजी कादंबरीपेक्षा जास्त आहे. हे लिहिताना जुनं सगळं वर येणार. झोप उडाली, दिवसच्या दिवस जड जायला लागले, तर हस्तलिखित बाजूला ठेवा आणि समुपदेशकाशी बोला. कादंबरी थांबेल, तिला घाई नाही.

राहिला ‘मी’ की ‘ती’ हा प्रश्न. ‘मी’ लिहा, पण ही ‘मी’ आजची, तिशी ओलांडलेली ठेवा, जी सोळाव्या वर्षाची गोष्ट सांगतेय. मग मैत्रिणीचा आक्षेपही सुटतो. जे शहाणपण आज त्या मुलीच्या तोंडी घातलंयत ते निवेदिकेकडे जाईल आणि मुलीला चुकायला जागा होईल. फक्त निवेदिकेला सारखं मधे येऊन समजावू देऊ नका. एका प्रकरणात एखादं वाक्य, तेवढं पुरे. पहिली पाच प्रकरणं आत्ता उघडू नका, दुरुस्तीत अडकाल. थेट सहाव्यापासून सुरुवात करा. घर सोडण्याचा प्रसंग पुन्हा लिहा, यावेळी मामी दारात उभी असू दे, आणि तिने थांबवण्यासाठी जे म्हटलं ते खरंच चांगलं, ऐकावंसं वाटणारं असू दे. तेवढं जमलं की सातवं लिहायच्या आधी मला पाठवा, मी वाचेन.